रक्तात एवढं आयजीजी असताना मोनोसाइट शांत कसे राहतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर सांगता येईल. निरोगी दात्याच्या रक्तातून फायकॉल या जड द्रवावर पीबीएमसी, म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी, वेगळ्या केल्या, टी पेशी ओळखणाऱ्या रंगीत अँटीबॉडींचं पॅनेल लावलं, आणि मोनोसाइट जवळजवळ प्रत्येक रंगात उजवीकडे सरकले, म्हणजे नको असताना चमकले. आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे पेशीवरचं काहीच न ओळखणारी तशीच अँटीबॉडी, तोसुद्धा त्यांच्यावर पॉझिटिव्ह आला. शेजारच्या लॅबमधून २.४जी२ हा एफसी ब्लॉक (अँटीबॉडीची शेपटी, म्हणजे एफसी भाग, धरणारे रिसेप्टर झाकणारी अँटीबॉडी) आणून वापरला, तरी काडीचा फरक पडला नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: सीडी६४ हा मोनोसाइटवरचा रिसेप्टर आयजीजी या अँटीबॉडीला इतका घट्ट धरतो, रक्तात आयजीजी तर भरभरून आहे, मग आपले मोनोसाइट चोवीस तास पेटलेले का नसतात?

तुमच्या गाइडनी 'आधी स्टेनिंग नीट करा, थिअरी नंतर' असं सांगितलंय. मी गेली २२ वर्षं फ्लो सायटोमेट्री (रंग लावलेल्या पेशी लेझरसमोरून एकेक नेऊन मोजणं) करते आणि इथे मी उलट क्रमानं जाईन. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कळलं की ट्यूबमध्ये काय झालं हे आपोआप दिसायला लागतं. मात्र काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: अँटीबॉडींचे कुठले क्लोन (वाण), त्यांचा आयसोटाइप (उपप्रकार) काय, फ्लुरोक्रोम म्हणजे रंग कुठले, पेशी ताज्या होत्या की फ्रीझरमधून काढलेल्या. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी 'असं असेल तर' म्हणावं लागेल.

आधी साधं गणित. निरोगी प्रौढ माणसाच्या सीरममध्ये आयजीजी मिलिलिटरमागे साधारण ७ ते १६ मिलिग्रॅम असतं. आपण १० धरू. आयजीजीचं वजन सुमारे दीड लाख डाल्टन, म्हणजे हे झालं साधारण ६५ मायक्रोमोलर. सीडी६४ निम्मे भरायला मोनोमर, म्हणजे सुटं, आयजीजी१ (आयजीजीचा एक उपप्रकार) लागतं ते काही नॅनोमोलर, फार तर दहा-वीस. म्हणजे गरजेच्या हजारो पटींनी आयजीजी आजूबाजूला आहे. शरीरात वावरणाऱ्या मोनोसाइटवरचे सीडी६४ जवळपास सगळे भरलेले असतात, हा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे.

आता आयजीजी धरणारे आणखी दोन रिसेप्टर, सीडी३२ आणि सीडी१६, बघा. यांना 'लो अ‍ॅफिनिटी' म्हणतात, आणि 'त्यांच्यावर एकटं आयजीजी बसतच नाही, फक्त इम्यून कॉम्प्लेक्स (अँटीबॉडी आणि ती ज्याला ओळखते ते अँटिजेन यांचे गोळे) बसतात' असं वर्गात शिकवलं जातं. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवलं. पण आकडे मांडून पाहा. आयजीजी१ साठी सीडी३२ए आणि सीडी१६ए निम्मे भरतात ते मायक्रोमोलरच्या आसपास, कधी त्याहून कमीत. रक्तात तर ६५ मायक्रोमोलर आहे. म्हणजे कुठल्याही क्षणी पाहिलं तर यांच्यावरही काही ना काही बसलेलं असणार. खरा फरक आहे तो किती वेळ बसून राहतं यात. सीडी६४ वरून आयजीजी निघायला कित्येक मिनिटं लागतात. सीडी१६ आणि सीडी३२ वरून ते काही सेकंदांत सुटतं आणि दुसरं येऊन बसतं. बसस्टॉपच्या बाकावर माणसं बदलत राहतात पण बाक रिकामं दिसत नाही, तसं. ही सुटण्याची घाई लक्षात ठेवा, ट्यूबपाशी आलो की ती पुन्हा लागेल.

मग रिसेप्टर भरलेले असूनही पेशी गप्प का? कारण अँटीबॉडी बसणं आणि पेशीला संदेश मिळणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आणि त्या वेगळ्या राहाव्यात याची सोय थेट अँटीबॉडीच्या आकारातच आहे.

आयजीजीचा एफसी भाग म्हणजे दोन सारख्या साखळ्या, घोड्याच्या नालासारख्या समोरासमोर वाकलेल्या. २००० साली सॉन्डरमान, ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफसी आणि सीडी१६ यांचा एकत्र स्फटिक करून त्याची रचना प्रसिद्ध केली. त्यात असं दिसलं की रिसेप्टर त्या नालाच्या उघड्या तोंडात, हिंज म्हणजे अँटीबॉडीच्या वाकणाऱ्या सांध्याच्या अगदी खाली, दोन्ही साखळ्यांच्या मध्ये येऊन बसतो. साखळ्या सारख्या असल्या तरी तो दोघींना सारखा टेकत नाही, एकीला एका अंगानं, दुसरीला दुसऱ्या. एकदा तो मध्ये शिरला की दुसऱ्या रिसेप्टरला तिथे जागाच उरत नाही.

याचा परिणाम फार मोठा आहे. एक आयजीजी, एकच रिसेप्टर. दोन बाजू सारख्या म्हणून दोन रिसेप्टर बसले असते, तर रक्तातल्या प्रत्येक सुट्या अँटीबॉडीनं पेशीवरचे दोन रिसेप्टर एकत्र ओढले असते, आणि तुमची शंका खरी ठरली असती. आपण कायम दाहात जगलो असतो.

पेशीला जाग येते ती रिसेप्टर एकमेकांजवळ गोळा झाल्यावर. एका हाताने टाळी वाजत नाही हे इथे शब्दशः खरं आहे. सीडी६४ आणि सीडी१६ए यांच्या सोबत गॅमा चेन नावाची शेपटी असते, सीडी३२ए ची शेपटी त्याची स्वतःची. या शेपटीवर आयटॅम नावाचा तुकडा असतो. त्यावर टायरोसिनला फॉस्फेट जोडायचं काम लिनसारखी एन्झाइम करतात, आणि मग सिक हे एन्झाइम तिथे येऊन बसतं आणि पुढची साखळी सुरू होते. रिसेप्टर एकटा असताना जोडलेलं फॉस्फेट लगेच काढलं जातं, कारण पेशीच्या पडद्यावर सीडी४५ सारखी फॉस्फेट काढणारी एन्झाइम फिरत असतात. पण समजा एका जिवाणूवर शेकडो आयजीजी चिकटले आहेत आणि तो मोनोसाइटला येऊन टेकला. आता रिसेप्टर पडद्यातून सरकत त्या जागी जमतात. दोन पृष्ठभागांमधली फट इतकी अरुंद होते की लांब मानेचं सीडी४५ तिथून बाहेर ढकललं जातं. फॉस्फेट टिकतं, सिक येतं, पेशी जिवाणूला गिळायला लागते.

सीडी१६ आणि सीडी३२ ची पकड सैल का ठेवली असावी, याचंही उत्तर मला इथेच मिळतं. एकेकटं आयजीजी सेकंदात सुटतं. पण शंभर आयजीजी एकाच पृष्ठभागावर असतील, तर एक सुटेपर्यंत नव्व्याण्णव धरून असतात. सुतळीचा एकेक धागा बोटानं तुटतो, पीळ बसला की दोर होतो. म्हणून हे रिसेप्टर गर्दीत आणि एकट्यादुकट्यात फरक करू शकतात. सीडी६४ चं तसं नाही, त्याला सुटं आयजीजीही पुरतं. तो मोनोसाइटवर आधीच अँटीबॉडी धरून बसलेला असतो, आणि अँटिजेन आलं की त्या धरलेल्या अँटीबॉडींना एकत्र खेचतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक जुना प्रयोग सांगते. १९२१ साल. हाइन्झ कुस्टनर यांना माशांची अ‍ॅलर्जी होती, कार्ल प्राउसनिट्झ यांना नव्हती. प्राउसनिट्झ यांनी कुस्टनर यांचं सीरम स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांध उठली. सीरममधला तो घटक म्हणजे आयजीई ही दुसऱ्या प्रकारची अँटीबॉडी, हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. पण प्रयोगात सगळं आहे. अँटीबॉडी त्वचेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसली आणि रात्रभर गप्प राहिली. आयजीईचा तो रिसेप्टर, एफसी एप्सिलॉन आरवन, सीडी६४ पेक्षाही घट्ट धरतो. तरीही गप्प. मासा आला, बसलेल्या अँटीबॉडींना त्यानं एकत्र बांधलं, तेव्हा पेशींनी आत साठवलेली रसायनं बाहेर टाकली. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग फळ्यावर काढून दाखवते. पहिल्या टोचणीनंतरच्या त्या शांततेकडे नीट पाहिलं की बसणं आणि पेटणं यातला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

दोन गोष्टी पटकन सांगून पुढे जाते. सगळेच रिसेप्टर पेटवणारे नसतात. सीडी३२बी बाहेरून सीडी३२ए चा जुळा भाऊ वाटावा इतका सारखा, पण आत त्याला आयटिम असतं, ब्रेक लावणारं. बी पेशींवर आयजीजीसाठी हाच एक रिसेप्टर असतो: भरपूर अँटीबॉडी तयार झाली की बी पेशीला थांबायचा इशारा मिळतो. आणि एफसीआरएन म्हणून जो रिसेप्टर वाचनात येतो तो वेगळंच काम करतो. तो एफसीच्या खालच्या भागाला धरतो, तेही पेशीच्या आतल्या आम्ल वातावरणात, पीएच ६ च्या आसपास, आणि बाहेर ७.४ ला सोडून देतो. आयजीजी रक्तात सुमारे तीन आठवडे टिकतं ते त्याच्यामुळे. मोनोसाइटच्या पृष्ठभागावरच्या तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही.

साखरेबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. एफसीच्या प्रत्येक साखळीवर २९७ क्रमांकाच्या अ‍ॅस्परॅजिनला साखरेची एक फांदी जोडलेली असते. ती काढून टाकली की नालाचं तोंड बिघडतं आणि सीडी१६, सीडी३२ आयजीजीला जवळजवळ ओळखत नाहीत. त्या फांदीच्या बुडाशी फ्युकोज नावाची एक छोटी साखर असते. एवढी एकच काढली तर सीडी१६ए ची पकड कित्येक पटींनी वाढते, कारण रिसेप्टरच्या स्वतःच्या साखरेला ती फ्युकोज आड येत असते. ओबिन्युट्युझुमॅबसारखी औषधं मुद्दाम कमी फ्युकोज ठेवून बनवली आहेत, एनके या मारक पेशींनी कॅन्सरच्या पेशी अधिक जोरानं माराव्यात म्हणून. शिवाय सीडी१६ए च्या १५८ व्या जागी व्हॅलिन की फेनिलअ‍ॅलनिन हे माणसागणिक बदलतं. व्हॅलिनवाला प्रकार आयजीजी१ ला जास्त घट्ट धरतो. २००२ मध्ये कार्त्रों आणि सहकाऱ्यांनी ४९ फॉलिक्युलर लिम्फोमा रुग्णांमध्ये दाखवलं की दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्यांना नुसत्या रिटुक्सिमॅब या अँटीबॉडी-औषधाचा फायदा जास्त झाला. पण औषध केमोबरोबर दिल्यावर हा फरक सगळ्या अभ्यासांत टिकला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण असा जनुकीय रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले नातेवाईक मला भेटले आहेत. त्या एका अक्षरावरून उपचार चालणार की नाही हे ठरत नाही.

आता तुमची ट्यूब.

आपण फायकॉल करतो, पीबीएमसीचा थर उचलतो, दोन-तीनदा धुतो. धुताना काय होतं? प्लाझ्मा गेला, म्हणजे भोवतालचं आयजीजी गेलं. सीडी१६ आणि सीडी३२ वरचं आयजीजी सेकंदांत सुटणारं, ते पहिल्याच वॉशमध्ये निघून गेलं. सीडी६४ वरचंही काही प्रमाणात निघालं. शरीरात कायम भरलेले असणारे रिसेप्टर तुम्ही स्वतःच्या हातानं रिकामे केलेत, आणि लगेच त्यांच्यासमोर रंग लावलेल्या उंदराच्या अँटीबॉडी ठेवल्यात. त्या टोकाकडून, म्हणजे अँटिजेन ओळखणाऱ्या बाजूनं बसायच्या, पण मोनोसाइटनं त्यांना शेपटीकडून धरलं.

थेट रक्तावर स्टेन करून नंतर लाल पेशी फोडणाऱ्यांना ही अडचण कमी येते, ती का हेही यातून कळतं. १०० मायक्रोलिटर रक्तात निम्म्याहून जास्त प्लाझ्मा, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम आयजीजी. तुमची रंगीत अँटीबॉडी टाकता ती बहुतेक वेळा एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी. पाचशेला एक असा सामना. रक्त स्वतःचा ब्लॉक सोबत घेऊनच येतं.

मग तुमचा ब्लॉक का चालला नाही? कारण २.४जी२ हा उंदराच्या सीडी१६ आणि सीडी३२ विरुद्धचा, रॅटमध्ये बनवलेला क्लोन आहे. माणसाच्या रिसेप्टरला तो ओळखत नाही. शेजारची लॅब उंदरांवर काम करत असणार, त्यांच्याकडे तो उत्तम चालतो. व्हायलवर मोठ्या अक्षरांत 'एफसी ब्लॉक' लिहिलेलं असतं, 'माऊस' हा शब्द मात्र बारीक अक्षरात. यात तुमचा दोष नाही, ही चूक मी अनेक लॅबमध्ये पाहिली आहे.

माणसाच्या पेशींना माणसाचंच आयजीजी द्यायचं. शुद्ध केलेलं मिळालं तर ते, नाहीतर एबी रक्तगटाच्या माणसाचं सीरम. मी १०० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये १० मायक्रोलिटर एबी सीरम घालते, म्हणजे साधारण मिलिलिटरला एक मिलिग्रॅम आयजीजी होतं, आणि १० ते १५ मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवते. त्यानंतर धुवायचं नाही. अँटीबॉडी त्यातच घालायच्या. वर 'सुटण्याची घाई लक्षात ठेवा' म्हटलं होतं ते यासाठी: ब्लॉक धुतलात तर सीडी१६ आणि सीडी३२ परत रिकामे होतात आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच येता.

एक अपवाद सांगायलाच हवा. पॅनेलमध्ये माणसाच्या आयजीजी विरुद्ध अँटीबॉडी असेल, किंवा बी पेशींवरचे कप्पा-लॅम्डा (अँटीबॉडीच्या हलक्या साखळ्या) पाहायचे असतील, तर बाहेरून घातलेलं माणसाचं आयजीजी ते अभिकर्मक शोषून घेईल. तिथे ही पद्धत वापरू नका.

पुढे क्लोनचे आयसोटाइप तपासा. माणसाचं सीडी६४ उंदराच्या आयजीजी२ए ला घट्ट धरतं, आयजीजी१ ला फारसं नाही. उंदराचं आयजीजी१ मुख्यतः सीडी३२ए वर बसतं, आणि तेही दात्यावर अवलंबून: १३१ व्या जागी आर्जिनिन असेल तर जास्त, हिस्टिडिन असेल तर अगदी कमी. त्यामुळे एका दात्याचे मोनोसाइट सरकलेले आणि दुसऱ्याचे स्वच्छ, असं दिसलं तर आपलं काही चुकलं असं समजू नका. काही वर्षांपूर्वी मोनोसाइटिक ल्युकेमियाच्या एका नमुन्यात मला एक लिम्फॉइड मार्कर पॉझिटिव्ह दिसला होता. रिपोर्ट टाइप करून झाला होता. सहीआधी सहज पाहिलं, तर पॅनेलमधल्या दोन आयजीजी२ए अँटीबॉडी एकाच मापानं सरकलेल्या, आयजीजी१ वाल्या जागच्या जागी. एबी सीरम घालून ट्यूब पुन्हा लावली आणि तो मार्कर नाहीसा झाला. त्या रुग्णाचं निदान त्या एका सरकण्यानं वेगळं लिहिलं गेलं असतं. तेव्हापासून प्रत्येक पॅनेलच्या कागदावर क्लोनसमोर आयसोटाइपचा रकाना मी स्वतःच्या हातानं भरते.

जाता जाता, सीडी१६ साठी तुमच्याकडे ३जी८ क्लोन असेल तर त्याचा इतिहास वाचा. १९८६ मध्ये हीच अँटीबॉडी, रंग न लावलेली, प्लेटलेट फार कमी झालेल्या आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) असलेल्या एका रुग्णाला दिली गेली, आणि प्लेटलेट वाढल्या. अँटीबॉडी चिकटलेल्या प्लेटलेट मॅक्रोफेज या रिसेप्टरनं पकडून खातात, त्याची वाट अडवली की त्या वाचतात. तुम्ही ट्यूबमध्ये जे करणार आहात तेच, माणसाच्या शरीरात.

राहिले रंग. पॅनेलमध्ये पीई-साय५ किंवा तसा टँडम डाय (दोन रंग जोडून केलेला) असेल, तर मोनोसाइटवर दिसणारं सगळंच एफसीमुळे नसतं. पीई-साय५ हा रंगच सीडी६४ असलेल्या पेशींना चिकटतो, त्याला अँटीबॉडीची शेपटी लागत नाही. तिथे कितीही आयजीजी ओता, फरक पडणार नाही. त्यासाठी वेगळा मोनोसाइट ब्लॉकर मिळतो, नाहीतर तो मार्कर दुसऱ्या रंगात घ्या. मेलेल्या पेशी सगळ्यालाच चिकटतात, म्हणून त्या दाखवणारा व्हायबिलिटी डाय हवाच. जुन्या व्हायलमध्ये अँटीबॉडीचे गोळे झालेले असतात, आणि गोळा म्हणजे सीडी३२ च्या दृष्टीनं इम्यून कॉम्प्लेक्सच. वापरण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचं द्रव घ्या. आणि गेट, म्हणजे पॉझिटिव्हची सीमा, आयसोटाइपवर काढू नका, एफएमओवर (तो एक रंग वगळून बाकी सगळे लावलेल्या ट्यूबवर) काढा. आयसोटाइपचा उपयोग एवढाच, की ब्लॉक चालतोय का हे तो दाखवतो.

उद्या एकाच दात्याच्या पेशींच्या तीन ट्यूब लावा. पहिली ब्लॉकशिवाय. दुसरीत एबी सीरम. तिसरीत एबी सीरम आणि मोनोसाइट ब्लॉकर दोन्ही. तिन्हींत सीडी१४ ठेवा, म्हणजे मोनोसाइट ओळखता येतील. दुसऱ्या ट्यूबमध्ये सरकणं गेलं, तर ते एफसी होतं. तिसरीत गेलं, तर रंग होता. तिन्हींत तसंच राहिलं, तर प्रत्येक क्लोन किती मायक्रोलिटर घातलात ते मला कळवा, कारण मग बहुधा अँटीबॉडी गरजेपेक्षा जास्त पडते आहे आणि टायट्रेशन करून योग्य मात्रा शोधावी लागेल.